ज्यांनी आधी नाव दिलं

अमेरिकेत राहणाऱ्यांच्या टपालात अधूनमधून एक साधा लिफाफा येतो आणि आत चेक निघतो. कुठल्याशा बँकेने खातेदारांकडून जास्तीचं शुल्क कापलेलं असतं, एखाद्या कंपनीने ग्राहकांची माहिती नीट सांभाळलेली नसते. त्यावर कोणी खटला भरलेला असतो, तडजोड झालेली असते, आणि तिच्यातला तुमचा वाटा हा, असं सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. परवा माझ्याकडेही असा एक चेक आला. दोघांचं एक वेळचं साधं जेवण होईल, एवढीच रक्कम.

अशा पैशाला बहुतेक जण फुकटचा पैसा म्हणतात. मला ते पटत नाही. तो आपल्याच खिशातून गेलेला पैसा असतो, आणि तो परत मिळावा म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं झगडलेलं असतं. कागदाच्या माथ्यावर खटल्याचं नाव असतं: आधी एका माणसाचं नाव, मग ‘विरुद्ध’, मग कंपनीचं. चहा घेताना मी त्या पहिल्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिले. ही व्यक्ती मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही. तिचं नुकसानही माझ्याइतकंच किरकोळ असणार. तरी ती वकिलाकडे गेली, स्वतःचे कागद दिले, उलटतपासणीला सामोरी गेली. चाळीत पाण्याच्या तक्रारीचा अर्ज एक जण लिहितो आणि पाणी सगळ्या बिऱ्हाडांना येतं, तसंच हे.

अमेरिकेत सामूहिक दाव्यांना आजचं रूप 1966 साली मिळालं. त्यामागचा विचार सरळ आहे. वीस डॉलरसाठी कोणी एकटा कोर्टात जात नाही, आणि हे फसवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून एकाने सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं, आणि झालेली तडजोड सगळ्यांना न्याय्य आहे का, हे न्यायाधीशाने तपासायचं. या पद्धतीवर टीका होते आणि ती अनाठायी नाही. फेसबुकच्या वापरकर्त्यांच्या खासगी माहितीबद्दलच्या दाव्यात कंपनी 72.5 कोटी डॉलर द्यायला तयार झाली, पण वकिलांचं शुल्क आणि खर्च वजा जाऊन 2025 मध्ये एकेकाच्या हाती सरासरी तीसेक डॉलर पडले. एवढ्याने कोणाचं आयुष्य बदलत नाही. पण मोजायला आकड्याखेरीजही काही असतं, आणि ते मला एलुइज कोबेल यांच्या खटल्यात दिसतं.

कोबेल मोंटाना राज्यातल्या ब्लॅकफीट या मूलनिवासी जमातीच्या. 1887च्या कायद्याने सरकारने मूलनिवासींच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडून ते एकेका माणसाच्या नावे केले, पण ताबा विश्वस्त म्हणून स्वतःकडे ठेवला. त्या जमिनी चराईला, तेलाला, लाकडाला भाड्याने दिल्या जात. ते उत्पन्न मालकांच्या खात्यात जमा व्हायचं होतं. पण कोणाच्या खात्यात किती आलं आणि किती यायला हवं होतं, याचा हिशेब शंभर वर्षं कोणी दिला नाही. ज्याच्या जमिनीतून तेल निघतंय त्याने चार पैशांच्या चेकची वाट पाहत दिवस काढायचे, ही गोष्ट कोबेल लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पुढे त्या जमातीच्या खजिनदार झाल्या. हिशेब त्यांना कळत होता. त्यांनी सरकारी कचेऱ्यांमध्ये विचारणा केली, उत्तरं उडवाउडवीची मिळाली. जून 1996 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपल्याच सरकारविरुद्ध दावा दाखल केला, स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या लाखोंसाठी.

हा दावा तेरा वर्षं चालला. सरकारकडे धड कागदपत्रं नव्हती. खटला चालू असतानाच अर्थखात्याने 162 खोकी भरून कागद नष्ट केल्याचं उघड झालं. 1999 मध्ये न्यायाधीशांनी दोन केंद्रीय मंत्र्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. 1997 साली कोबेल यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली होती, तिचा मोठा हिस्सा त्यांनी याच लढ्यात घातला. डिसेंबर 2009 मध्ये 340 कोटी डॉलरची तडजोड झाली. खरं देणं याच्या कितीतरी पट आहे, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं होतं, आणि काही मूलनिवासींना ही तडजोड मान्यही नव्हती. कोबेल यांनाही रक्कम अपुरी वाटत होती. तरी त्यांनी ती स्वीकारली, कारण त्यांचे दावेदार रोज एकेक करून मरत होते. त्या निर्णयाला कमी म्हणण्याचं धैर्य मला होत नाही.

16 ऑक्टोबर 2011 रोजी कर्करोगाने कोबेल गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांना प्रत्येकी हजार डॉलरचे पहिले चेक निघाले. ते पाहायला त्या नव्हत्या. हजार डॉलरमध्ये शंभर वर्षांचा हिशेब फिटत नाही. पण त्या सरकारला शेवटी पैसे मोजावे लागले, आणि ते एका खजिनदार बाईने मोजायला लावले.

उलट चित्र आपल्याकडे भोपाळमध्ये दिसलं. 1985 मध्ये कायदा करून सरकारने सगळ्या वायुपीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्याकडे घेतला, आणि फेब्रुवारी 1989 मध्ये युनियन कार्बाइडशी 47 कोटी डॉलरवर तडजोड केली. ज्यांची फुफ्फुसं जळली, त्यांना आधी कोणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या वतीने उभं राहणाऱ्याने त्या माणसाला विचारायलाच हवं, असं मला वाटतं. नाहीतर भरपाईची रक्कम हातात पडते, पण न्याय झाल्याचं समाधान मिळत नाही. सामूहिक दाव्याची वाट आपल्या कायद्यातही आहे. ग्राहकांना 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनेकांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते, भागधारकांना 2013च्या कंपनी कायद्याखाली दाद मागता येते. पण पहिलं नाव द्यायला पुढे येणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. कोर्टाची पायरी चढू नये, हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. एकट्या माणसापुरता तो शहाणपणाचा असेल, पण एकाच फसवणुकीत हजारो माणसं भरडली जातात तेव्हा तो फक्त फसवणाऱ्याच्या सोयीचा ठरतो.

म्हणून परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना माझं सांगणं आहे. अशी नोटीस आली तर जाहिरात समजून फेकू नका. आधी ती खरी आहे ना, एवढं पाहा: दावा भरायला पैसे मागणारी नोटीस खोटी असते. खरी असेल तर मुदतीत अर्ज भरा, आणि दावा कोणी लावला तेही वाचा. रक्कम लहान म्हणून चेक टेबलाच्या खणात ठेवू नका. काही महिन्यांत तो बाद होतो. आजच बँकेत भरा.