संध्याकाळी सातची वीज

परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद ठेवावे लागले. कोळसा संपला नव्हता, यंत्रे बिघडली नव्हती, पाणी नव्हते. दोन वर्षांनी पावसाने पुन्हा दगा दिला आणि पुन्हा तेच झाले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि ती वाफ थंड करायला आणखी पाणी ओतायचे, अशी ही सारी रचना. बंधारा आटला की शेकडो मेगावॅटचे संच नुसते उभे राहतात. ऊन आणि वारा लहरी, कोळसा तेवढा भरवशाचा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. परळीचा अनुभव पाहिल्यावर मला ते पटत नाही. मराठवाड्यात कोळशाची वीजसुद्धा पावसाच्याच भरवशावर असते.

कोळशाची खरी किंमत पाहायची तर चंद्रपूरला जावे. महानिर्मितीचे हे केंद्र २,९२० मेगावॅटचे. त्यातला ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे त्या एकट्या संचामागे रोज दोन-तीन हजार टन राख. पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात सोडलेली ही राख उन्हाळ्यात सुकते, उडते आणि आसपासच्या गावांत पिकांवर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. नागपूरजवळ कोराडीच्या राख तलावाचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला, तेव्हा राखेचा चिखल थेट शेतांत शिरला. विजेच्या बिलावर यातले काहीच छापलेले नसते. दर युनिटमागे हवेत जाणारा किलोभर कार्बन डायऑक्साइड तर डोळ्यांना दिसतही नाही.

मग कोळसा उद्याच बंद का करू नये? जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. मोठीच गोष्ट आहे ही. पण २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. सौर प्रकल्प वर्षभराचा हिशेब केला तर क्षमतेच्या एक पंचमांशाच्या आसपासच चालतो. रात्र असते, ढग असतात.

त्याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे. वीज तयार होईल त्याच क्षणी वापरावी लागते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात अभियंते चोवीस तास मागणी-पुरवठ्याचा मेळ घालत बसलेले असतात, कारण देशभरच्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहिलीच पाहिजे. दुपारी बाराला सौर वीज भरभरून येते. संध्याकाळी ती ओसरते आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, एसी लागतात. कोळशाचा संच दुपारपुरता विझवून सातला पेटवता येत नाही. थंड झालेला बॉयलर पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात. म्हणून संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी तो दिवसभर कमी भारावर जळत ठेवावा लागतो. कोळशाचे आज जे काही महत्त्व उरले आहे, ते या संध्याकाळमुळे.

मागणीची वेळ बदलता आली तर मात्र चित्र पालटते, आणि ते शेतीत सर्वांत आधी पालटू शकते. आपल्याकडे कृषिपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. दारे धरायला, बाऱ्यावर, अनवाणी चिखलात. साप पायाखाली, आणि जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात बिबट्या उसातच. शेताच्या पाण्याला रात्रीची वीज लागते असे मुळीच नाही. ती जाळ्याच्या सोयीसाठी रात्री ढकललेली आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ पासून तिचा विस्तार झाला. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, इतकी ही साधी कल्पना. नवीकरणीय विजेच्या बाजूने इतका पक्का युक्तिवाद मला दुसरा ठाऊक नाही. ऊन असते तेव्हाच पाणी द्यायचे आणि माणसाने रात्री झोपायचे.

उरलेल्या संध्याकाळचे उत्तर पाटण तालुक्यात शोधावे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि खाली डोंगरांच्या कुशीत कोयनेचा शिवसागर. पवनचक्क्या जून ते ऑगस्टमध्ये जोरात फिरतात, नेमके शेतीपंप बंद असतात तेव्हा. ऑक्टोबरच्या उकाड्यात विजेला मागणी चढते आणि वारा पडलेला असतो. पण पावसाळ्यात वाऱ्याने वीज दिली, तेवढे पाणी धरणात राखता येते. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आणि तिथला संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो, काही मिनिटांत थांबतो. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात तर स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे, अशीच योजना आहे. चार युनिट घालून तीनच्या आसपास परत मिळतात. दुपारची सौर वीज वाया घालवण्यापेक्षा हा सौदा कधीही बरा.

पाण्याची वीज स्वच्छ म्हणताना मात्र जीभ अडखळते. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीचे मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, ते मुंबईच्या विजेसाठी जमिनी बुडणार म्हणून. कोयनेने हजारो कुटुंबे उठवली आणि त्यांतल्या अनेकांच्या नातवंडांनाही पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसावे लागले. आता सौर प्रकल्पांसाठी माळराने ‘पडीक’ ठरवून घेतली जात आहेत. सोलापूरच्या माळावर लांडगा राहतो आणि धनगराची मेंढरे चरतात; त्याला पडीक म्हणणारा तिथे कधी उभा राहिलेला नसतो. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. कारखान्यांची छपरे, कालव्यांचे काठ, उपकेंद्रालगतच्या जागा आधी वापरा, शेतजमीन लागलीच तर भाड्याने घ्या, मालकाला वर्षानुवर्षे उत्पन्न मिळू द्या. नवीकरणीय या शिक्क्यावर कुणाला विस्थापित करण्याचा परवाना मिळत नाही.

कोयनेच्या पाण्यालाही मोजमाप आहे. धरणाची साठवण १०५ टीएमसी, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने वीज करून पश्चिमेकडे सोडायला मुभा दिली ती ६७.५ टीएमसीची. वर्ष १ जूनला सुरू होते, ३१ मेला संपते. टर्बाइनमधून गेलेले हे पाणी वाशिष्ठीला मिळून समुद्राला जाते. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांना ते पुन्हा मिळत नाही. इतके मोलाचे पाणी कोणत्या तासाला खर्च झाले, याचा हिशेब वीज वापरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा रोज जाहीर व्हावा. राज्यभर लख्ख ऊन असताना, दुपारी बारा वाजता कोयनेचे संच फिरताना आढळले, तर ते का फिरले हे आपण विचारले पाहिजे.