देवाच्या दारी अडत्या नाही

शेतमाल बाजारात नेला की अडत्या लागतो. कचेरीत अर्ज द्यावयाचा तर ओळखीचा माणूस शोधावा लागतो. वशिल्यावाचून काम होत नाही, हा आम्हा वऱ्हाडकरांचा नित्याचा अनुभव. प्रश्न असा, की हीच सवय आपण देवाच्या दारीही नेतो काय?

१९५५ साली स्थापन झालेल्या आमच्या अमरावती धर्मप्रांतात अकोला जिल्हाही येतो. तेथील एका धर्मग्रामात असताना कर्जापायी नवऱ्याने जीव दिलेली एक भगिनी आमच्याकडे आली. म्हणाली, "फादर, तुमीच सांगा ना देवाले. माह्यं कुठं आयकते थो?" आम्ही तिचा हेतू मिस्सासाठी लिहून घेतला. खरे सांगावयाचे तर त्या विश्वासाने आम्ही मनातून सुखावलो. देव तुझेही ऐकतो, हे तिला सांगावयाचे मात्र राहून गेले.

काही महिन्यांनी सायंकाळी मंदिराचे दार लावावयास गेलो, तो ती पवित्र साक्रामेंतासमोर बसलेली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. "बाई, वेळ झाली," असे आम्ही जरा त्रासूनच म्हटले. ती उत्तरली, "त्यालेच इचारून राहिली फादर, का बरं नेलं म्हून."

त्या रात्री आम्हांस शिलोच्या मंदिरातील हन्ना आठवली. तिचेही केवळ ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटले, ही मद्य प्याली आहे! परमेश्वरापुढे आपण जीव मोकळा करीत आहोत, असे तिने सांगताच एलीने आपली चूक ओळखली, 'शांतीने जा' असे म्हटले आणि तिच्या मागणीला आपला आशीर्वाद जोडला. हन्नेची प्रार्थना एलीने वर पोहोचविली नाही. ती आधीच पोहोचली होती.

मग धर्मगुरू कशाला, संत कशाला, असे कोणी विचारील. देव आणि मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हाच एक मध्यस्थ, असे संत पौल तीमथ्याला लिहितो. प्रभूच्या मरणसमयी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. तो पुन्हा शिवण्याचा अधिकार आम्हा धर्मगुरूंना नाही. काना गावच्या लग्नात पवित्र मरियेने यजमानांची अडचण प्रभूच्या कानी घातली, आणि चाकरांना त्याच्याकडेच वळविले. संत आपल्यासोबत विनवणी करतात, आपल्याऐवजी नव्हे. मिस्साबलीतही आपण सारे मिळून ख्रिस्ताद्वारे पित्याकडे जातो. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजविली. तेथेही लोक एकत्र बसतात, परंतु हात प्रत्येकाला स्वतःचेच जोडावे लागतात.

त्या भगिनीचा प्रश्न कठोर होता. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. परंतु जिच्या मते देव तिचे ऐकत नव्हता, ती आता त्यालाच जाब विचारीत होती. स्तोत्रकर्त्यांनी तरी याहून वेगळे काय केले?

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्याकडे हेतू अवश्य आणा. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू, ते आमचे कर्तव्यच आहे. परंतु आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी, आपल्या वऱ्हाडी बोलीत, पित्याशी दोन शब्द स्वतः बोला. शब्द नसतील तर नुसते बसा. आणि एखाद्या सायंकाळी दार लावावयास आम्ही घाई केलीच, तर आम्हांस खुशाल थांबवा.