भ्यालेला योसेफ



नाताळच्या मध्यरात्री आपण सगळे नवे कपडे घालून मिस्साबलिदानाला येतो. चर्चबाहेर एकमेकांचे हात हातात घेऊन शुभेच्छा देतो. त्या गर्दीत कितीतरी जण भीती सोबत घेऊन आलेले असतात. कोणाच्या बायोप्सीचा रिपोर्ट सणानंतर यायचा असतो आणि सणाचा विरस नको म्हणून त्याने घरी काही सांगितलेले नसते. कोणाच्या मुलाची आखातातली नोकरी गेलेली असते. तो फोनवर सगळे ठीक आहे म्हणतो, पण आईला आवाजावरून कळते. काही घरांत तर सणाच्या रात्रीचीच भीती असते, कारण त्या रात्री दारू जास्त होते. आणि अशा वेळी वेदीवरून शुभवर्तमान वाचले जाते की, देवदूताने मेंढपाळांना भिऊ नका असे सांगितले (लूक २:१०).

ऐकताना बरे वाटते. घरी गेल्यावर मात्र भीती होती तिथेच असते. मग तिच्यात आणखी एका भीतीची भर पडते : आपली श्रद्धाच कमी पडते की काय? प्रार्थनासभांत कधी कधी कोणी बोलूनही जातो की खरा श्रद्धावंत घाबरत नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण उद्या ज्याचे ऑपरेशन आहे त्याच्या मनावर त्याने काय होत असेल? आम्हांला हे बोलणे पटत नाही. पवित्र बायबल वाचले तर तेही तसे सांगत नाही.

संत योसेफाकडेच पाहू या. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, पण तो घाबरला होता हे मात्र आवर्जून लिहिलेले आहे, तेही दोनदा. पहिल्यांदा मरियेला पत्नी म्हणून स्वीकारायला तो कचरतो, तेव्हा देवदूत त्याला स्वप्नात धीर देतो (मत्तय १:२०). तो मरियेला घरी आणतो. पुढे बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोदापासून वाचण्यासाठी तो रातोरात उठून मायलेकरांना घेऊन इजिप्तची वाट धरतो. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतरचे एक वाक्य आपल्या नजरेतून निसटते. हेरोद मेल्यावर योसेफ परत निघतो आणि वाटेत त्याला कळते की यहुदियात आता हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत आहे. तेव्हा तो तिथे जायला भ्याला, असे मत्तय सरळ लिहितो (२:२२).

म्हणजे एवढी दर्शने झाली, एवढा प्रवास देवाच्या भरवशावर झाला, तरी योसेफाची भीती संपली नव्हती. ती भीती खोटीही नव्हती. अर्खेलावाने राज्य हाती घेताच वल्हांडणाच्या सणात सुमारे तीन हजार लोकांची कत्तल केली, असे इतिहासकार योसेफसने नोंदवले आहे. पुढे इ. स. ६ मध्ये रोमी सम्राटालाच त्याला पदावरून काढावे लागले. अशा माणसाला घाबरणे हे शहाणपणच होते. देवाने योसेफाला त्याबद्दल दटावले नाही. स्वप्नात सूचना मिळाली, तो गालीलाकडे वळला आणि नासरेथात जाऊन राहिला. आपण प्रभूला नासरेथकर म्हणतो, त्यामागे एका बापाची ही भीतीसुद्धा आहे.

त्याच पानावर दुसरा घाबरलेला माणूस आहे, तो म्हणजे राजा हेरोद. ज्ञानी लोकांनी नव्या राजाची चौकशी केली तेव्हा तो अस्वस्थ झाला. त्याच्याजवळ सैन्य होते, किल्ले होते, तरी तो एका तान्ह्या बाळाला घाबरला. या भीतीपायी त्याने आपल्या पोटच्या मुलांनाही ठार मारवले होते, मग बेथलेहेमच्या बाळांची काय कथा! निरपराध बालकांचा सण आपण २८ डिसेंबरला पाळतो. त्या दिवशी चर्चमध्ये गर्दी नसते, नाताळच्या आनंदात तो दिवस आपल्याला नको वाटतो.

भीती दोघांनाही होती. हेरोद स्वतःची गादी सांभाळत होता, योसेफ दुसऱ्याचा जीव सांभाळत होता. भीती वाटली की नाही, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला दुय्यम वाटतो. भीती वाटत असताना हातात काय धरले होते, हे पाहायला हवे. धैर्य म्हणजे मुख्यतः चढाई करणे नव्हे, तर संकटात टिकून राहणे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू व्याकूळ झाला होता, हे आपण दर पवित्र आठवड्यात ऐकतोच.

या विषयावर विचार करताना आम्हांला जर्मनीतील एका येशूसंघीय धर्मगुरूंची आठवण होते. फादर आल्फ्रेड डेल्प हे म्युनिक शहरात सेवा करीत होते. हिटलरच्या राजवटीत त्यांनी ज्यू लोकांना निसटायला मदत केली आणि हिटलरनंतरचा समाज कसा असावा याचा विचार करणाऱ्या एका गटात भाग घेतला. २८ जुलै १९४४ रोजी सकाळच्या मिस्सानंतर त्यांना अटक झाली. मारहाण झाली. पुढे बर्लिनच्या तेगेल तुरुंगात त्यांच्या हातांत बेड्या होत्या आणि त्या बेड्या घातलेल्या हातांनीच त्यांनी आगमनकाळावर आणि नाताळवर चिंतने लिहिली. मळक्या कपड्यांच्या गाठोड्यातून ते कागद लपवून बाहेर नेले जात. दोन श्रद्धाळू स्त्रिया हे धुण्याचे गाठोडे ने-आण करीत आणि त्यांच्यासाठी ऑस्तीही पोचवीत.

त्या लिखाणात शूर वीराचा आव नाही. फाशीची टांगती तलवार असलेला माणूस आपली भीती, आपले रडणे, सुटकेची आशा आणि निराशा सगळे कबूल करतो. निष्कलंक मातेच्या सणाला, ८ डिसेंबर १९४४ रोजी, तुरुंगात भेटायला आलेल्या सहकारी धर्मगुरूंसमोर त्यांनी आपले अंतिम व्रत घेतले. येशूसंघ सोडला तर सुटका होईल, असे त्यांना सुचवले गेले होते. त्यांनी ते मानले नाही. बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला, २ फेब्रुवारी १९४५ रोजी, त्यांना फाशी दिली गेली. त्यांचे वय तेव्हा ३७ होते.

फादर डेल्प यांची श्रद्धा कमी होती, असे कोण म्हणेल? त्यांच्या कोठडीत भीती होती आणि पवित्र ऑस्तीही होती. मेंढपाळांना देवदूताने जी खूण सांगितली ती आठवा : कापडात गुंडाळलेले, गव्हाणीत निजवलेले बाळ. रोमी सैन्य परत जाईल किंवा कर माफ होतील, असे काही त्याने सांगितले नव्हते. ज्याला थंडी वाजते, ज्याला मारता येते, ज्याच्यासाठी आईबापांना पळावे लागते, असा देव तुमच्यात आला आहे, एवढेच. मेंढपाळ ते पाहून आनंदाने परतले, पण रात्रीची राखण काही चुकली नसणार.

धुण्याचे गाठोडे नेणाऱ्या त्या दोघींचाही विचार मनात येतो. तुरुंगाच्या दारावर झडती होताना त्यांची छाती धडधडत नसेल का? आपल्या धर्मग्रामातही अशी गाठोडी आहेत. ज्या घरात यंदा कोणी गेले त्या घरचा पहिला नाताळ, हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट आणायला सोबत, रात्री उशिरा दार वाजवणाऱ्या शेजारणीला आत घेणे. मिस्सा संपल्यावर घरी नेवऱ्या वाट पाहत असतात हे खरे, पण बाकावर कोणी एकटे बसून राहिलेले दिसले तर पाच मिनिटे थांबायला हरकत नाही.

जाता जाता एक. यंदा गोठा करणाऱ्या तरुणांना आम्ही सांगितले आहे की योसेफाची मूर्ती थोडी पुढे ठेवा. दरवर्षी ती मेंढ्यांच्या आणि ज्ञानी राजांच्या उंटांच्या मागे जाते आणि लहान मुलांना दिसतच नाही.