चौदा वर्षांनंतरची भूक

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेत उपवासासंबंधी एक भेद केलेला आहे. तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असतो. मांस वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांवर आहे, परंतु उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लागू होत नाही. राखेच्या बुधवारी घरातील वडीलधारी माणसे एकवेळ जेवतात, तेव्हा दहावीतल्या मुलीच्या ताटात मटण नसले तरी भात आणि मासळी पोटभर असण्यास कोणाची हरकत नाही. वाढत्या देहाने अन्न सोडू नये, असा या नियमाचा अर्थ मी घेतो.

मग ज्या मुलीला वर्षातले सहा-सात महिने असा उपवास घडतो, आणि तोही कोणत्याही व्रतावाचून, तिच्याविषयी आपले कर्तव्य काय?

अशा मुली पाहायला दूर जावे लागत नाही. वसई रोडहून दिव्याकडे निघालेली गाडी जुचंद्र आणि कामण रोड मागे टाकून खारबावला येते. भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात. कातकरी, वारली कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन बिऱ्हाडासह येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. राहायला विटा रचून उभा केलेला भोंगा. मजुरीचा हिशेब हंगामाच्या शेवटी; तोवर आठवड्याला मिळते ती खर्ची. त्या खर्चीत तांदूळ, तेल, मिरची आणि झालीच तर थोडी सुकट बसते. गावाकडे निदान नागलीची भाकर, रानभाजी, ओढ्यातले मासे-खेकडे असतात. भट्टीवर तेही नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्यांना सांभाळते, पाणी भरते, विटा उलटते आणि आईबरोबर सर्वांच्या शेवटी जेवते. आईही शेवटीच जेवते, हे विसरून आईला दोष देणाऱ्यांची मला नेहमीच गंमत वाटते.

आता सरकारची मोजणी पाहा. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सहा वर्षांपर्यंतच्या मुलांकडे लक्ष देते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दुपारच्या जेवणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत दिला, तोही शाळेत आणि आठवीपर्यंत. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. तेच मूल नववीत गेले की ताट उचलले जाते. शाळेबाहेरील किशोरींसाठी पूर्वी ‘सबला’सारख्या योजना होत्या; आज चौदा ते अठरा वयाच्या मुलींच्या पूरक आहाराची केंद्राची योजना ईशान्येकडील राज्यांपुरती आणि आकांक्षित जिल्ह्यांपुरती आहे. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत, ठाणे त्यांत नाही. शिधापत्रिकेवर मुलीच्या नावाचे धान्य असते, आठवड्याची लोहाची निळी गोळीही तिच्यासाठी आहे. पण स्वतःच्या ताटाची हक्कदार म्हणून कायदा तिला पुन्हा ओळखतो तो ती गरोदर राहिल्यावर! आणि दहा ते एकोणीस हीच वर्षे अशी की, प्रौढ वजनाचा जवळजवळ निम्मा भाग याच काळात भरतो आणि पाळी सुरू झाल्यावर मुलीची लोहाची गरज वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरांतील एकोणसाठ मुली रक्तक्षयी आढळल्या.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. किशोरवयीन मुलीची भूक अशी हादरवीत नाही. ती मरत नाही. उंचीने खुंटते, धापा टाकते, लवकर लग्न होऊन अशक्त बाळाला जन्म देते. मग त्या बाळाचे वजन आपण काट्यावर घेतो.

या मुलीला अन्न देणे ही दया की देणे? संत अँब्रोजचे मत पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात आठवणीने उद्धृत केले: गरिबाला तुम्ही देता ते तुमचे नव्हे, त्याचेच त्याला परत करता. संत थॉमस अक्वायनस तर याहून पुढे जाऊन म्हणतात की, प्राणांतिक गरजेत दुसऱ्याचे घेणे चोरी ठरत नाही. आपण मात्र देणग्यांची यादी वेदीपुढे वाचून दाखवतो. देणे फेडताना कोणी यादी वाचत नाही.

शुभवर्तमानात याईराची मुलगी बारा वर्षांची आहे. मार्क सांगतो की, ती उठून चालू लागल्यावर प्रभूने घरच्यांना तिला खायला देण्यास सांगितले. चमत्कार त्याने केला. स्वयंपाक घरच्यांवर सोपवला. जो मृत्यूला परतवू शकतो त्याला भाकरी उत्पन्न करणे अवघड नव्हते. मला वाटते, हा वाटा त्याने मुद्दाम माणसांकडे ठेवला.

तो कसा उचलता येतो हे आपल्याच राज्यात दिसले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला गेले. लोकांना औषधाआधी अन्न-पाणी हवे होते, म्हणून प्रारंभ विहिरी आणि सामुदायिक स्वयंपाकघरांनी झाला. गावानेच रांधले, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसली. पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांकरवी किशोरींचे वर्षभराचे वर्ग चालवले. तेथे मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष थोडे वाटेल. वाढत्या हाडांना ते थोडे नाही. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, म्हणजे मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेली. ताटाचेही तसेच करता येईल.

आपल्या धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद घरोघर भेटी देतात. उपवासकाळात कॅरिटासच्या मोहिमेची पाकिटे भरली जातात. ते चालू राहावे. पण नाताळात भट्टीवर बिस्किटांचे पुडे वाटून छायाचित्र काढणे मला रुचत नाही. करिंथच्या मंडळीवर संत पौल रागावला तो भोजनाच्या उणिवेमुळे नव्हे. प्रभुभोजनासाठी जमूनही एक उपाशी राही आणि दुसरा तर्र होई, म्हणून. रांगेत उभी राहून हात पसरणारी मुलगी आणि पंगतीत बसलेली मुलगी यांच्या पोटात तोच भात जाईल, परंतु दोघी एकच गोष्ट शिकणार नाहीत.

खारबावसारख्या ठिकाणी भट्टीचा हंगाम चार-पाच धर्मग्रामांनी वाटून घेतला तर? तांदूळ मजुरांच्या चुलीवर आहेच; आपण डाळ, अंडी, शेंगदाणे, नागलीचे पीठ आणि शेवग्याचा पाला न्यावा. रांधणाऱ्या त्यांच्यातल्याच दोघी असाव्यात आणि त्यांना त्याची मजुरी मिळावी. आपल्या युवक संघाची मुले-मुली त्याच पंगतीत जेवायला बसावीत. खारबावला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे मुलींचे रक्त तपासून घ्यावे आणि हंगाम संपताना पुन्हा तपासावे. मालकाला भेटून, चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, हेही त्याला स्वच्छ सांगावे लागेल. त्याने पंगतीला जागा नाकारली तर ती भट्टीबाहेर, रस्त्याकडेला मांडता येते.