ध्येयाची रोजकीर्द

'मी कोण होणार?' या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घ्यायची आपल्या शाळांतून फार जुनी चाल आहे. वर्गातली निम्मी मुलं डॉक्टर होतात, पाव वर्ग सैन्यात जातो आणि उरलेली शिक्षक होतात. कारण वही शेवटी शिक्षकांकडेच तपासायला जायची असते. 'मी मोठेपणी बँकेत कारकून होईन आणि लोकांच्या चेकवरच्या सह्या ताडून पाहीन' असं लिहिणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. आणि तरीसुद्धा बँका कारकुनांनी भरलेल्या आहेत! मग ही मंडळी आली कुठून?

ती आली रोजच्या दिवसातून. आज ही परीक्षा देऊन टाकू, उद्या तो फॉर्म भरून ठेवू, परवा वडील म्हणतात म्हणून मुलाखतीला जाऊन येऊ, असं करत करत माणूस एक दिवस काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला आढळतो. निबंध तिकडे रद्दीत जातो. ध्येय ही चीज आपल्याकडे चांदीच्या ताटासारखी असते. दिवाळीला काढायचं, पुसायचं, पाहुण्यांना दाखवायचं आणि पुन्हा कपाटात. रोज जेवायला आपलं स्टीलचंच बरं.

आमच्या शाखेत वसईकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत. निवृत्तीला आले आहेत. रोज रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटं ते 'दिवस तपासतात', असं एकदा डबा खाताना कळलं.

"म्हणजे नक्की काय करता हो?" मी विचारलं.

"तुम्ही संध्याकाळी कॅश जुळवता ना? तेच."

"आणि नाही जुळली तर?"

"तर काय! उद्या काउंटर उघडायचाच आहे."

आमच्याकडे दहा रुपये कमी भरले तरी साऱ्या शाखेची लोकल चुकते. त्यामुळे न जुळलेल्या कॅशवर शांतपणे झोपू शकणारा हा माणूस मला फार मोठा वाटला. ही पद्धत कोणाची म्हणून चौकशी केली, तर मूळ निघालं स्पेनमध्ये. इग्नेशियस लॉयोला हा पेशाने शिपाईगडी. १५२१ साली पांपलोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि स्वारी अंथरुणाला खिळली. वाचायला शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या, तर घरात होती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. तीच वाचली आणि माणूस बदलला. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर याच इग्नेशियसचे सोबती. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली १५४८ साली. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो माणसाचं ध्येय सांगून मोकळा होतो: ईश्वराची स्तुती आणि सेवा. बाकी जगातल्या सगळ्या वस्तू त्या कामाला जितक्या उपयोगी पडतील तितक्या वापरायच्या, अडचण करतील तितक्या सोडायच्या. बस्स, एका परिच्छेदात विषय संपला.

पुढे जे येतं ते मात्र वाचून माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर ताठ उठून बसला. इग्नेशियस चक्क रेघा आखायला सांगतो! एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना मनाशी म्हणायचं, आज हा नको. दुपारी जेवणानंतर मोजायचं किती वेळा झाला, आणि पहिल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. रात्री पुन्हा, दुसऱ्या रेघेवर. मग दुपार रात्रीशी, आज कालशी आणि हा आठवडा मागल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दिवसा दोष घडला की छातीवर हलकेच हात ठेवायचा. हे चार माणसांत करता येतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, अशी सोयही तो सांगून ठेवतो. (आमचे ते गृहस्थ मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर येताना छातीवर हात का ठेवतात, ते मला त्या दिवशी उलगडलं. मला वाटायचं, ॲसिडिटी.)

आता यात नवल वाटायला नको. जमाखर्चाची द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापून जगापुढे मांडली तीही एका ख्रिस्ती संन्याशानेच. लुका पाचोली, फ्रान्सिस्कन पंथाचा, लिओनार्दो दा विंचीचा दोस्त. पुस्तक १४९४ सालचं, व्हेनिसचं. त्याने व्यापाऱ्याला तीन वह्या सांगितल्या. आपल्या भाषेत खर्डा, रोजकीर्द आणि खतावणी. पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण करावी, आरंभ देवाच्या नावाने करावा. आपले दुकानदार 'श्री' लिहून वही सुरू करतात, तसंच. पण पहिल्या पानावर देवाचं नाव सगळेच घालतात हो! देव खरोखर धंद्यात भागीदार आहे की नाही, ते आतल्या पानांवर कळतं.

आतली पानं उघडी ठेवणारा एक माणूस म्हणजे जॉन वेस्ली, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक. ऑक्सफर्डच्या एका तरुणाची गोष्ट तो प्रवचनात सांगत असे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असं मानतात. मिळकत वर्षाला ३० पौंड. २८ मध्ये भागवलं, २ वाटले. पुढच्या वर्षी मिळकत ६०. भागवलं २८ मध्येच, वाटले ३२. मग ९०, मग १२०. पण खर्चाचा काटा आपला २८ वर. आमच्याकडे महागाई भत्ता वाढल्याचं परिपत्रक संध्याकाळी येतं, तर सकाळी घरात नव्या सोफ्याची चर्चा आधीच पार पडलेली असते. (ऑक्सफर्डची ही गोष्ट वेस्लीच्या लग्नापूर्वीची, एवढं मात्र गृहिणींच्या बाजूने नोंदवून ठेवतो.) १७७६ साली सरकारने त्याच्याकडे घरातल्या चांदीच्या भांड्यांचा हिशेब मागितला. त्याने कळवलं, लंडनला दोन चमचे आहेत, ब्रिस्टलला दोन. भोवतालच्या इतक्या लोकांना भाकरी नसताना आणखी घेणार नाही. १७९० साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने हिशेब लिहिणं थांबवलं.

इथवर सगळं आमच्या खात्यातलं. ध्येय ठरवा, नोंदी करा, ताळा जमवा. पण माझं मन इथेच थोडं अडखळतं. अशा काटेकोर माणसाच्या दारात दिवसाच्या वेळापत्रकात नसलेलं कोणी येऊन उभं राहिलं तर?

पंडिता रमाबाईंच्या दारात उभं राहिलं. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे सदनाला उत्पन्न असावं म्हणून केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. योजना अगदी चोख, कोणत्याही बँकेने कर्ज द्यावं अशी. आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालातच गेलेली. त्या हालांची रमाबाईंना पुरेपूर ओळख. त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. कुठल्या जातीच्या, किती शिकतील, उत्पन्नाचं काय? फळबागेची जागा मुक्ती सदन झाली. मूळ योजनेच्या दृष्टीने ही नोंद बसत कुठे होती? अशी न बसणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि वरून पत्र येईपर्यंत तिकडे बघत नाही. रमाबाईंनी तीच रक्कम मुख्य खात्याला लावली. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायचं काम त्याच मुलींच्या गलबल्यात चालू ठेवलं आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरं केलं.

माझी ही शंका मी वसईकर गृहस्थांपुढे ठेवली. ते म्हणाले, "लूकचा दहावा अध्याय वाचा. तुमच्याच कामाचा आहे."

वाचला. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर चोरांनी एका माणसाला अर्धमेला करून टाकला. एक याजक आला, बाजूने गेला. एक लेवी आला, तोही बाजूने गेला. घाई कशाची, ते कथा सांगत नाही. पण त्या वाटेवर आयुष्याचं ध्येय नक्की ठरलेली माणसं हीच दोन! देवाची सेवा हाच त्यांचा पेशा. तिसरा आला शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. तो थांबला. तेल आणि द्राक्षारस घालून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून खानावळीत नेलं, त्याची काळजी घेतली. त्याचं स्वतःचं काम काय होतं, कुठे निघाला होता, सौदा बुडाला की काय, एका अक्षराने कळत नाही. सकाळी त्याने खानावळवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणाला, जास्त लागलं तर खर्च कर, परत येताना देईन.

बँकेतला माणूस म्हणून मला घाम फुटला. अनोळखी इसमासाठी अमर्याद उचल! तारण नाही, जामीन नाही, मुदत नाही आणि ऋणको परमुलखातला. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो चार शेऱ्यांनिशी परत पाठवला असता. खानावळवाल्याने मात्र काही विचारलं नाही. निदान तशी नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी मी गृहस्थांना गाठलं. "काय हो, तो शोमरोनी परत आला का? बिल चुकतं केलं का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पुढचं लिहिलेलं नाही," म्हणाले. "खातं अजून चालू आहे."

तेवढ्यात काउंटरपाशी एक आजीबाई पासबुक घेऊन उभ्या राहिल्या. जेवणाची वेळ संपायला सहा मिनिटं बाकी होती. गृहस्थ उठले.