फाईलबरोबर वहीही न्या

आपल्याकडे डॉक्टरांपुढे गप्प बसणे हा सद्गुण समजला जातो. "साहेब, तुम्ही म्हणाल तसं," हे वाक्य तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ऐकू येते, तसेच पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित केबिनमध्येही ऐकू येते. बोलणाऱ्याला वाटते, आपण विश्वास दाखवला. ऐकणाऱ्याला वाटते, यांना सगळे समजले. प्रत्यक्षात समजलेले फारच थोडे असते, आणि सहीचा कागद मात्र पुढे सरकलेला असतो. सर्दी-पडशापुरते हे खपून जाते. मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तपासणी असेल तेव्हा ते खपत नाही. त्या तपासणीला प्रश्न लिहून घेऊन जाणे हे पालकांचे कर्तव्यच आहे, असे मला म्हणायचे आहे.

हे ऑपरेशन इतर ऑपरेशनांसारखे नाही. अपेंडिक्स काढले, टाके सुटले, विषय संपला. इथे टाके सुटल्यावर विषय सुरू होतो. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा, सुमारे अडीच वेढ्यांचा कॉक्लिआ असतो. त्यातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी निकामी असतील, तर बाहेरचे श्रवणयंत्र आवाज कितीही मोठा करो, उपयोग बेताचाच. इम्प्लांटमध्ये त्या शंखात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात, तिचा रिसीव्हर कानामागे कातडीखाली बसवतात, आणि बाहेरून चुंबकाने चिकटणारी कॉइल व प्रोसेसर लावतात. खराब पेशींना वळसा घालून विजेचे संकेत थेट श्रवणनाडीला मिळतात. पण ऑपरेशनच्या दिवशी मूल काहीच ऐकत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात, त्याला सगळे 'स्विच ऑन' म्हणतात. त्या दिवशीही मुलाला शब्द कळत नाहीत. त्याला फक्त काहीतरी नवे जाणवते, आणि पुष्कळ मुले घाबरून रडतात. पुढे मॅपिंगच्या फेऱ्या, म्हणजे यंत्राची पातळी मुलाला मानवेल अशी जुळवत नेणे. त्याच्या जोडीला वर्षानुवर्षांची स्पीच थेरपी. सर्जनचे काम काही तासांचे, ऑडिओलॉजिस्टचे काही वर्षांचे, आणि घरच्यांचे रोजचे. ज्या कामाचा मोठा वाटा आपल्या अंगावर येणार आहे, ते काय आहे हे न विचारताच सही करायची, याला विश्वास कसे म्हणायचे?

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ईएनटी विभागाबाहेर थोडा वेळ बसून पाहावे. बाकावर एक जोडपे. आईच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचे मूल. वडिलांच्या हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बेरा या श्रवणचाचणीचा रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म, रेशनकार्डाची झेरॉक्स. नंबर लागतो, आत जातात. डॉक्टर फिल्म उजेडात धरतात, ऑडिओलॉजिस्टशी इंग्रजीत दोन वाक्ये बोलतात. वडील सगळा धीर एकवटून एकच विचारतात, "बोलेल ना हो तो?" उत्तर येते, "बोलेल, पण थेरपी नीट करावी लागेल." 'बोलेल' हा शब्द घेऊन दोघे बाहेर येतात. 'पण'च्या पुढचे वाक्य केबिनमध्येच राहते. इथे डॉक्टर खोटे बोललेले नाहीत आणि वडिलांनी हलगर्जीपणा केलेला नाही. मोलाची दहा मिनिटे मात्र वाया गेली, कारण एका मोठ्या आशेखाली बाकीचे सगळे प्रश्न दबले होते.

म्हणून तपासणीला जाताना प्रश्नांची वही हवी. त्या वहीत मग काय लिहावे? पहिले पान कानाचे. ऐकू न येण्याचे प्रमाण दोन्ही कानांत किती? श्रवणयंत्र लावून पुरेसे महिने पाहिले का, आणि यंत्र लावलेल्या स्थितीतली चाचणी काय सांगते? सीटी आणि एमआरआयमध्ये कॉक्लिआ पूर्ण दिसतो का, श्रवणनाडी आहे का? हा प्रश्न कुणाला फाजील वाटेल. पण कॉक्लिआ तयारच झालेला नसेल तर इम्प्लांट बसवायला जागाच नसते, आणि नाडी नसेल किंवा फार बारीक असेल तर फायद्याचे गणित पार बदलते. एका कानाला करायचे की दोन्ही? आज जे थोडे ऐकू येते, ते ऑपरेशननंतर राहील का? ते जाऊ शकते, आणि हे आधी कळलेले बरे. चेहऱ्याच्या नसेला धोका किती? मेंदूज्वराविरुद्धच्या लसी कधी द्यायच्या? इम्प्लांट केलेल्यांना न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ही लस टाळायची नसते.

दुसरे पान यंत्राचे. आतल्या भागाची वॉरंटी किती वर्षांची, बाहेरच्या प्रोसेसरची किती? वायर तुटली, कॉइल हरवली, तर नवी केवढ्याला? पुढे कधी एमआरआय करावा लागला तर त्या चुंबकाचे काय? कोकणातल्या पावसाळ्यात, घामाने भिजणाऱ्या डोक्यावर हे यंत्र कसे जपायचे? रात्री ते सुकवण्याच्या डबीत ठेवावे लागते, हे अनेक घरांना पहिला बिघाड झाल्यावरच कळते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या अडिप योजनेत 2014 पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला, तेव्हा एका मुलामागे सहा लाखांपर्यंतची तरतूद होती. मुंबईच्या वांद्र्यातली अली यावर जंग संस्था त्या कामाची नोडल संस्था आहे. ही मोठीच सोय झाली. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट आहे, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि हे निकष बदलतही असतात. म्हणून आज काय लागू आहे ते विचारायचे, आणि योजनेतले यंत्र जुने झाल्यावर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कुणाचा, हेही त्याच बैठकीत विचारायचे. यंत्र फुकट मिळाले म्हणून बॅटरी फुकट मिळत नाही.

तिसरे पान आपले स्वतःचे, आणि तेच सर्वांत अवघड. मॅपिंगला कुठे यावे लागेल? गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसासाठी हा प्रश्न एसटीच्या तिकिटाचा आणि बुडालेल्या रोजाचा आहे. थेरपी घराजवळ कुठे मिळेल, आणि ती मराठीत होईल का? ज्या भाषेत आजी हाक मारणार, त्याच भाषेत मुलाचा कान तयार व्हायला हवा. आणि थेरपीला मुलाला कोण नेणार? याचे उत्तर आपल्या घरांत न विचारताच ठरलेले असते: आई. तिने नोकरी सोडायची, तिने रोज घरी तासभर बसायचे, आणि मूल मागे पडले तर बोलणीही तिनेच खायची. तपासणीला जाण्याआधी हा प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना आणि घरातल्या मोठ्यांना विचारावा. डॉक्टरांकडे तो न्यायची वेळच येऊ नये.

आईचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक प्रश्न वहीत हवाच: हे बहिरेपण आले कशामुळे? हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही", "तिच्याच माहेरचं आलं असणार" अशी निदाने ओसरीवर बसून केली जातात. जन्मतः येणाऱ्या बहिरेपणाचे एक मोठे कारण आनुवंशिक असते, आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. दोघांनाही स्वच्छ ऐकू येत असते, दोघेही नकळत वाहक असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरे असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नात ती जुळणी होण्याचा संभव वाढतो. म्हणजे मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना जी वडीलधारी मंडळी पुढे होती, तीच पुढे सुनेच्या पोटाला दोष देतात. एका साध्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर डॉक्टरांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत मिळाले, तर एका बाईची आयुष्यभराची टोचणी थांबू शकते.

यावर काही आक्षेप हमखास येतात. पहिला, इतके प्रश्न विचारत बसलो तर उशीर होईल. उशीर हा खरोखरच शत्रू आहे. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असे जगभर मानले जाते. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला फार चांगली साथ देतो आणि सात वर्षांनंतर ती खूपच घटते, असे अभ्यास सांगतात. पण आपल्याकडे उशीर होतो तो प्रश्नांमुळे नव्हे. तो होतो "त्याचा बापही उशिराच बोलायला लागला होता" या वाक्यामुळे. थाळी वाजवून पाहण्यात, नवस बोलण्यात, पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघण्यात वर्षे जातात. एका पानावर प्रश्न लिहायला संध्याकाळ पुरते. उलट जन्मापासून न ऐकलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी कुणी जमीन विकायला निघाला असेल, तर "या वयात नेमका किती फायदा?" या प्रश्नाचे सरळ उत्तर त्याची जमीनही वाचवील आणि मुलाच्या डोक्यावरचे अपेक्षांचे ओझेही.

दुसरा आक्षेप, आम्ही अडाणी माणसे, आम्हाला काय विचारता येणार? ज्याला दुकानात तराजूचा काटा बघता येतो, त्याला हेही विचारता येते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पुतण्याकडून लिहून घ्यावे, अंगणवाडीताईंकडून घ्यावे. शिवाय हा उपकार मागण्याचा विषय नाही. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, महत्त्वाचे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम पुरेसे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही. कागदपत्रे मागितल्यावर 72 तासांत देण्याचा नियम डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2002 पासून आहे. जोतिराव फुल्यांनी आणि आगरकरांनी या समाजाला पोथी सांगणाऱ्याला प्रश्न करायला शिकवले. पोथीच्या जागी फाईल आली म्हणून ते शिक्षण रद्द होत नाही.

तिसरा आक्षेप मोठ्या वयाच्या रुग्णांबद्दल असतो: आजोबांना ऐकूच येत नाही, त्यांना कशाला विचारायचे? म्हणून डॉक्टरांशी मुलगा बोलतो, सून बोलते, आणि ज्याच्या कानात तार जाणार तो माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो. त्यांची वही त्यांच्याच हाताने लिहिलेली हवी. भजन पुन्हा कळेल का, फोनवर नातवाशी बोलता येईल का, हे त्यांचे प्रश्न आहेत, घरच्यांचे नव्हेत. डॉक्टरांना मास्क खाली घेऊन समोर बघून बोला, असे सांगण्यात संकोच कसला? बोललेले मराठीत लिहून दाखवणारी ॲप्स आता साध्या मोबाईलवरही चालतात.

आणि एक प्रश्न विचारायला पुष्कळांना भीती वाटते, तो विचारलाच पाहिजे: इम्प्लांट जमले नाही तर? नाडी नसेल, वय उलटले असेल, किंवा सगळे करूनही बोलणे मर्यादितच राहिले, तर या मुलाला भाषा कुठून मिळणार? 1880 साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव केला, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या बहिऱ्या मुलांचे हात बांधले गेले. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारला. आपल्याकडे 2015 पासून दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था आहे. म्हणून मुलाच्या खुणा बंद करायला कुणी सांगितले, तर का, हे विचारा. बोलता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण मूल बोलले तरच ते माणसात जमा, असे समजणारे घर त्याला यंत्र लावूनही बहिरेच ठेवते.

डॉक्टरांकडेही मागणे आहे. ओपीडीत गर्दी असते हे खरे. तरी तपासणीच्या तारखेबरोबर मराठीत छापलेले प्रश्नांचे एक पान हातात देता येते. इम्प्लांट झालेल्या दोन कुटुंबांशी गाठ घालून देता येते. एक जिथे छान जमले ते, आणि एक जिथे अपेक्षेपेक्षा कमी जमले तेही. असे करणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. पालक तयारीने येतात, थेरपी अर्धवट सुटत नाही, लाखाचे यंत्र कपाटात पडून राहत नाही.

तेव्हा तारीख मिळाली की त्याच दिवशी वही काढा. घरातल्या प्रत्येकाकडून एकेक प्रश्न घ्या, आजीकडूनही. आत गेल्यावर वही टेबलावर उघडी ठेवा, उत्तरे तिथेच लिहा, समजले नाही ते पुन्हा सांगा म्हणा. कुणी त्रासून बघितले तर बघू द्या. सही मागितली जाईल ती तुमची, आणि मुलाशी रोज तासभर बोलत बसायचे आहे तेही तुम्हालाच.