नावापुढील पद हीसुद्धा अमानत



कांजूरमार्गचा एक तरुण गेल्या महिन्यात असरच्या नमाजनंतर माझ्यापाशी थांबला. वडील लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यात टर्नर होते. हा घरी बसून औषधाच्या दुकानांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर तयार करतो आणि स्वतःच दुकानोदुकानी जाऊन विकतो. त्याला व्हिजिटिंग कार्ड छापायचे होते. मित्रांचा सल्ला असा की 'सीईओ' लिही. नुसते 'प्रोग्रामर' लिहिलेस तर दुकानदार बसायलाही सांगणार नाही. तो म्हणाला, "मौलाना, कंपनीत माणूस एकच, तो मी. हे खोटे होईल का?"

प्रश्न क्षुल्लक नाही. पद म्हणजे विकणाऱ्याने स्वतःविषयी दिलेली साक्ष, आणि गिऱ्हाईक तिच्यावर विसंबून पैसे मोजते.

स्वतःचे गुण सांगणे इस्लामला अमान्य नाही. ह. यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या राजाकडे कोठारांचा कारभार मागितला तेव्हा आपण जपणूक करणारे व जाणकार आहोत, हे त्यांनी स्वतःच सांगितले (सूरह यूसुफ, आयत ५५). दोन्ही गुण खरे होते आणि त्या कामाला लागणारेच होते. उलट, न केलेल्या कामाची स्तुती व्हावी अशी हौस बाळगणाऱ्यांना सूरह आलिइमरानच्या १८८ व्या आयतीत कठोर ताकीद आहे. त्या कार्डाची जागा या दोन आयतींच्या मध्ये शोधावी लागते.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. ध्यानात घ्या, धान्य भिजले हा त्या माणसाचा दोष नव्हता.

मी त्या तरुणाला म्हटले, बेटा, एकटा असणे हाही तुझा दोष नाही. पण 'सीईओ' वाचणारा दुकानदार मनात एक ऑफिस उभे करतो. तू आजारी पडलास तर दुसरा कुणी फोन उचलेल, असे धरून चालतो. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आदल्या रात्री प्रोग्राम अडला आणि तू रत्नागिरीला गावी असलास, तर? ही ओल पैसे घेण्याआधी वर ठेव. 'संस्थापक' हा शब्द खोटा नाही, फक्त घरातल्या एका टेबलाला तो जरा सैल होतो. कंपनीची नोंदणी नसताना 'प्रायव्हेट लिमिटेड' लावणे तर २०१३ च्या कंपनी कायद्यानेही गुन्हा आहे. आणि दुसऱ्याचे सॉफ्टवेअर विकत असशील तेव्हा 'निर्माता' म्हणवू नकोस.

कामाचे नाव सांगितल्याने माणूस लहान होतो, हा समज आपल्यात कुठून शिरला कोण जाणे! आपल्या इमामांची नावेच पाहा. खस्साफ म्हणजे चपला शिवणारा, जस्सास म्हणजे चुन्याचे काम करणारा. कोकणातील आपली बहुसंख्य घरे ज्या शाफई मताची आहेत, त्यातील थोर इमाम कफ्फाल मरवजी (रह.) वयाच्या तिशीपर्यंत कुलुपे घडवीत होते आणि पुढे त्याच नावाने ओळखले गेले.

हे सांगताना माझी जीभ अडखळली. दोन वर्षांपूर्वी एका जलशाच्या पत्रकावर माझ्या नावाआधी 'मुफ्ती' छापले गेले. मी इफ्ताचा अभ्यासक्रम केलेला नाही. आयोजकांची चूक होती, पण मी गप्प राहिलो. त्या दिवशी मंचावरची खुर्ची थोडी पुढची मिळाली. नंतर एक भगिनी तलाकचा मसला घेऊन 'मुफ्तीसाहेबां'कडे आली, तेव्हा त्या गप्प राहण्याची किंमत कळली. तिला खरे सांगून मी जाणकारांकडे पाठवले. हेही मी त्या तरुणाला सांगितले.

परवा तो कार्ड देऊन गेला. नावाखाली एकच ओळ आहे, 'औषध दुकानांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर : निर्माता व विक्रेता'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले आहे की काम एकटाच पाहतो, शुक्रवारी दुपारी १ ते २ फोन बंद असतो.